पेन्स्टेमॉनचे भाऊबंद आपल्या कुंडीत



गेल्या हिवाळ्यात शाळेच्या भिंतीलगत आम्ही स्नॅपड्रॅगनची ४० रोपे लावली होती, हे तुम्हाला आठवत असेल. त्यांपैकी ३३ रोपे तीन आठवड्यांत मेली. प्रत्येक वर्गाला पाणी घालण्याची पाळी नेमून दिली होती. सकाळच्या शाळेतली मुले झारी भरून पाणी घालत, दुपारच्या शाळेतली मुलेही घालत. रोपे माना टाकू लागली, तेव्हा मुलांनी विचारले, "सर, काय झालं यांना?" आम्ही म्हणालो, "तहान लागली असेल, आणखी थोडं घाला." पाचवीतली एक मुलगी तर रडत आली. तिच्या पाळीच्या दिवशीच तिचे रोप आडवे झाले होते आणि ते आपल्यामुळे मेले, असे तिला वाटत होते.

ते तिच्यामुळे मेले नव्हते. चूक आमची होती. ती चूक काय होती आणि ती आम्हाला कशी कळली, ते या पाठात सांगत आहोत.

एक फोटो आणि एक प्रश्न

त्याच सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने एका फुलाचा फोटो पाठवला. उभ्या दांडीवर लाल, जांभळी, लांबट नळीसारखी फुले ओळीने लटकलेली होती. फुलाचे नाव पेन्स्टेमॉन. तिने लिहिले होते, "सर, ही झाडं इथे दगडगोट्यांत वाढतात. मी त्यांना खत घालत नाही, पाणीही क्वचित देते. शाळेसाठी बी पाठवू का?"

पेन्स्टेमॉनच्या सुमारे २५० ते २८० जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. नावाचा अर्थ 'पाच पुंकेसर'. त्यांतले चारच पराग देतात. पाचवा वंध्य असतो आणि अनेक जातींत त्यावर बारीक केस असतात, म्हणून इंग्रजीत या फुलाला 'दाढीवाली जीभ' अशा अर्थाचे नाव आहे. लाल नळीच्या जातींवर हमिंगबर्ड येतो आणि हवेत स्थिर राहून मध पितो.

बी पाठवू नकोस, असे आम्ही तिला कळवले. पहिले कारण कायद्याचे. परदेशातून बियाणे आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. बियांबरोबर नकळत कीड किंवा रोग आला, तर नुकसान आपल्या शेतकऱ्यांचे होते. दुसरे कारण हवामानाचे. पेन्स्टेमॉनच्या पुष्कळ जातींचे बी काही आठवडे ओल्या थंडीत राहिल्याशिवाय रुजत नाही. डेन्व्हरच्या परिसरात बर्फ धरून वर्षाला सुमारे ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस होतो. आपल्या सुरतेत सुमारे १२०० मिलिमीटर पडतो आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. ते झाड इथे आणून त्याचे हाल करण्यात अर्थ नव्हता.

पण तिच्या पत्रातला 'दगडगोट्यांत' हा शब्द आमच्या मनात राहिला.

सात रोपे का जगली?

आम्ही पुन्हा वाफ्याकडे गेलो. जगलेली सातही रोपे अगदी भिंतीच्या बुडाशी होती. तिथे खुरपीने उकरले, तर भिंत बांधताना पडलेले विटांचे रोडे, खडी आणि चुन्याचे तुकडे निघाले. वाफ्याच्या मध्ये मात्र निव्वळ काळी माती होती. मेलेले एक रोप उपटून पाहिले. मुळे तपकिरी पडली होती, बोटांत धरताच साल निघून येत होती आणि कुबट वास येत होता. माती चिखलासारखी ओली होती.

म्हणजे रोपांना तहान लागली नव्हती. ती पाण्यात गुदमरली होती.

भेस्तान, पांडेसरा, सचिन या सगळ्या पट्ट्यात काळी चिकण माती आहे. खानदेशातून आलेल्या आपल्या आजी-आजोबांना ती चांगली ओळखीची. कपाशीला ती सोन्यासारखी. तिचे कण फार बारीक असतात. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. हवा मिळाली नाही की मुळे कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून भोवती पाणी साचलेले असूनही पाने तहानल्यासारखी गळून पडतात. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही मारतो. आम्ही नेमके हेच केले.

स्नॅपड्रॅगन मूळचे भूमध्य समुद्राच्या काठचे. तिकडे ते जुन्या दगडी भिंतींच्या फटींतही उगवते. भिंतीच्या बुडाशी असलेली सात रोपे एका अर्थी आपल्या घरी होती!

नातेवाईक कोण कोण?

आता गंमत पाहा. स्नॅपड्रॅगन आणि पेन्स्टेमॉन एकाच कुळातले आहेत. जुन्या पुस्तकांत दोन्ही 'स्क्रोफ्युलॅरिएसी' कुळात दिलेली सापडतील. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डीएनएच्या अभ्यासावरून नाती नव्याने तपासली गेली आणि आता ती 'प्लांटॅजिनेसी' कुळात धरतात. हे कुळ इसबगोलाचे. होय, आजोबा रात्री दुधातून किंवा पाण्यातून घेतात तेच इसबगोल! आपल्या गुजरातेतच, मेहसाणा जिल्ह्यातील ऊंझा येथे त्याची मोठी बाजारपेठ आहे. ते रब्बीचे, कोरड्या हवेचे पीक. कापणीच्या वेळी पाऊस झाला तर दाणे झडून जातात.

याच कुळात नीरब्राह्मीही आहे. पण ती ओढ्याच्या काठी, दलदलीत आनंदाने पसरते. म्हणून केवळ कूळ पाहून पाणी ठरवू नये. एका घरातली भावंडेही सारखी नसतात, हे कोणत्याही आईला विचारा.

घरी काय लावावे?

पेन्स्टेमॉनच्या दोन भाऊबंदांना भेस्तानची हवा मानवते.

*पहिले स्नॅपड्रॅगन.* हे आपल्याकडे फक्त हिवाळ्याचे फूल. फुलाच्या दोन्ही बाजू चिमटीत दाबल्या की तोंड उघडते, सोडले की मिटते. मोठी, वजनदार मधमाशीच हे तोंड उघडून आत जाऊ शकते. हेच फूल तुम्हाला बारावीच्या जीवशास्त्रात भेटेल. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात. गुलाबी झाडांच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी आणि पांढरी यांचे प्रमाण १:२:१ पडते. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात.

*दुसरे रसेलिया.* मूळ मेक्सिकोकडचे हे झुडूप आता आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांत मिळते. हिरव्या बारीक काड्या कारंज्यासारख्या खाली झुकतात आणि त्यांवर लाल नळ्या लटकतात. पाने जवळजवळ नसतातच. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या काड्याच करतात. हे वर्षानुवर्षे टिकते. गॅलरीच्या कठड्यावर ठेवले तर सकाळी जांभळा शिंजीर हमखास येतो. अमेरिकेत जे काम हमिंगबर्ड करतो, तेच इथे शिंजीर करतो. फरक एवढाच की तो बहुधा फांदीवर बसून मध पितो.

माती आणि कुंडी

१. एक भाग माती, एक भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्या. काळ्या मातीत मूठभर बारीक रेती टाकून काही होत नाही. भरड पदार्थ भरपूर हवा आणि तो सगळ्या मातीत मिसळलेला हवा.

२. कुंडीच्या छिद्रावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवा. तळाला खड्यांचा जाड थर देण्याची गरज नाही. त्याने निचरा वाढत नाही, उलट मुळांची जागा कमी होते.

३. जमिनीत लावायचे तर वाफा भोवतीच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा.

४. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. मुळे कुजतात आणि डासही होतात.

५. ताजे शेण किंवा जास्त युरिया नको. झाड उंच, लुसलुशीत होते आणि फुलांच्या भाराने कोलमडते.

सणावारांचे वेळापत्रक

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून असे ठरवा: नवरात्रात बी, दिवाळीनंतर रोप, संक्रांतीनंतर फूल, होळीला निरोप.

नवरात्रात आपल्या घरोघरी घट बसतो आणि त्याच्या मातीत धान्य पेरतात. त्याच सुमारास स्नॅपड्रॅगनचे बी पेरा. ते बारीक, धुळीसारखे असते. रुजायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत पुरू नका. ओल्या, सपाट मातीवर भुरभुरा आणि हलकेच दाबा. पाणी फवाऱ्याने द्या. ट्रे सावलीत, पण उजेडाच्या जागी ठेवा. साधारण ८ ते १४ दिवसांत कोंब दिसतात.

इथे एक सावधगिरी. घटाला आपण रोज पाणी घालतो, कारण ते धन नऊ-दहा दिवसांचे असते. त्याला फूल यायचे नसते. ट्रेमधल्या रोपाला चार महिने जगायचे आहे. घटाची सवय इथे चालत नाही. माती सतत ओली राहिली तर इवली रोपे बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात.

दिवाळीनंतर चार ते सहा पाने झाली की रोपे २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर, पूर्ण उन्हात लावा. रोप ८ ते १० सेंटिमीटर उंच झाल्यावर शेंडा खुडा. मुले यावर हळहळतात, पण शेंडा खुडला की बाजूने चार-पाच फांद्या फुटतात आणि एकाऐवजी चार-पाच दांड्या फुलतात. फुले सुकली की दांडी कापा. मार्चचे ऊन तापले की झाड थकते. ते आपल्या निगराणीतले उणे नव्हे, त्याचा हंगाम संपलेला असतो.

रसेलियाची वेळ वेगळी. पावसाळ्याच्या सुरुवातीला १० ते १५ सेंटिमीटरच्या काड्या कापून, एक-दोन पेरे मातीत जातील अशा लावा. महिनाभर सावलीत ठेवा. मुळे धरली की उन्हात न्या. पावसात कुंडीचे छिद्र बुजलेले नाही ना, ते मात्र पाहत राहा.

पाणी केव्हा घालावे?

बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. ओल लागली तर घालू नका. कोरडे लागले तर सकाळी, बुडाशी, छिद्रातून बाहेर येईपर्यंत घाला आणि पुन्हा बोट कोरडे येईपर्यंत थांबा. रोज थोडे थोडे शिंपडू नका. बोअरचे पाणी खारट असेल तर मातीवर पांढरी पापुद्री येते. ती खरवडून काढा आणि शक्य तेव्हा नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्या.

पानांवर पाणी टाकू नका. ओल्या पानांवर तांबेरा येतो: पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी, पुडीसारखे फोड दिसतात. अशी पाने खुडून कचऱ्यात टाका, खतात नको. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळली की तो तयार होतो.

करून पाहा

१. दोन सारख्या कुंड्या घ्या. एकीत निव्वळ काळी माती, दुसरीत वर सांगितलेले मिश्रण. दोन्हींत एक-एक तांब्या पाणी घाला. पाणी खाली यायला किती मिनिटे लागली, ते वहीत लिहा.

२. स्नॅपड्रॅगनचे सुकलेले फूल उभे चिरून पुंकेसर मोजा. चार सापडतील. पेन्स्टेमॉनचा तो पाचवा इथे नाही.

३. रसेलियावर शिंजीर दिवसातून किती वेळा आणि केव्हा येतो, याची आठवडाभर नोंद ठेवा.

यंदाची पाळी

यंदा वाफा विटांचे रोडे घालून उंच केला आहे. दिवाळीच्या सुट्टीत सातवीपर्यंतची मुले एक-एक रोप घरी नेतील आणि शाळा उघडताना परत आणतील. पालकांनी कृपया मुलांच्या वतीने पाणी घालू नये! दिवसपाळी-रातपाळी करून घरी आल्यावर सुकलेले रोप दिसले की हात आपोआप तांब्याकडे जातो, हे आम्ही जाणतो. पण आधी बोट, मग तांब्या.

वाफ्याजवळ एक पाटी टांगली आहे. ज्याची पाळी असेल त्याने बोट घालून पाहायचे आणि पाटीवर लिहायचे: 'ओल आहे, पाणी घातले नाही' किंवा 'कोरडे आहे, पाणी घातले'. दोन्हींना सारखेच गुण आहेत. पाटी लागली त्या दिवशी पहिली पाळी आम्ही त्याच मुलीला दिली. ती आता सहावीत आहे. तिने बोट घातले, क्षणभर विचार केला, झारी खाली ठेवली आणि पाटीवर लिहिले, 'ओल आहे.'