सर्पगंधा : एकाच मुळीच्या दोन परीक्षा

धारवाडच्या पश्चिमेस पसरलेल्या सह्याद्रीच्या रानांत आणि कोकणात सर्पगंधा नावाचे लहानसे झुडूप आढळते. त्याच्या मुळीविषयी दोन समजुती फार पूर्वीपासून चालत आल्या आहेत. उन्माद व निद्रानाश यांवर ही मुळी गुणकारी आहे, ही पहिली. सर्पदंशावर ती उतारा आहे, ही दुसरी. दोन्ही समजुती जुन्या आणि दोन्ही सारख्याच श्रद्धेने जपलेल्या. तथापि शास्त्रीय कसोटीवर एक टिकली, दुसरी टिकू शकली नाही. पारंपरिक उपचारांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा पाठ या एका मुळीतून मिळतो.

पहिली परीक्षा

सन १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादाप्रमाणेच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते, असे नमूद केले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यामुळे जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील 'रेसरपिन' हे द्रव्य वेगळे काढले.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अतिशय वाढलेला रक्तदाब असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट करण्यात आले. ७३ जणांना रेसरपिन व अन्य दोन औषधे मिळून उपचार देण्यात आला. ७० जणांना औषधासारख्या दिसणाऱ्या, परंतु औषधी गुण नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटातील २७ जणांना गंभीर उपद्रव झाले होते; उपचार घेतलेल्यांत असे दोघेच होते.

याच अभ्यासमार्गाने औषधाचे दोषही उघड झाले. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, मन खिन्न होणे असे अनिष्ट परिणाम रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांत आढळले. मात्रा ठरविणे त्यामुळे अगत्याचे झाले. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, हा समज चुकीचा असल्याचे यावरून दिसून येते.

दुसरी परीक्षा

सर्पदंशावर ही मुळी उपयोगी पडते, असे दाखविणारा विश्वसनीय पुरावा मात्र पुढे आलेला नाही. मग 'मुळी दिली आणि माणूस वाचला' असे अनुभव गावोगाव का सांगितले जातात? कारण साधे आहे. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला, तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. असा माणूस मुळी न देताही वाचतो; श्रेय मात्र मुळीला मिळते. जो दगावतो, त्याच्याविषयी 'आयुष्यच सरले होते' असे म्हटले जाते.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच खात्रीचा उपाय आहे. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने या कामी मोठा वाटा उचलला आहे.

तुलना कशासाठी?

उपचार घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी, अथवा दुसरा उपचार घेतलेल्यांशी तुलना केल्याशिवाय गुण कशाचा, हे कळत नाही. ही कसोटी परंपरेच्या विरोधात नाही. भगंदरावरील क्षारसूत्राचे उदाहरण घ्यावे. थोराचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची पुटे दिलेला हा धागा आयुर्वेदात वापरला जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखम भरण्यास क्षारसूत्राने आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात शेकडा ४, तर शस्त्रक्रियेत शेकडा ११ होते. येथे जुना उपाय सरस ठरला, आणि तोही मोजमाप करूनच.

व्यवहारात काय करावे?

पावसाळ्यात भातखाचरांत सर्पदंशाचा धोका वाढतो. अशा वेळी रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुळी उगाळण्यात गेलेला अर्धा तासही प्राणावर बेतू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याशिवाय चालू गोळ्या बंद करून मुळी घेऊ नये. आणि कोणतेही काढे अथवा चूर्णे घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

शिक्षकांनी वर्गात हा पाठ शिकविताना विद्यार्थ्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा : 'औषध घेतले आणि बरे वाटले' व 'औषधाने बरे वाटले' या दोन विधानांत भेद कोणता? हा भेद ज्या घरात समजला, त्या घरात परंपरेचा अनादर होणार नाही आणि तिच्यापायी कोणाचा प्राणही जाणार नाही.