तोंडी सवलतीचा भरवसा

दृष्टिपटलाच्या व्याधीने माझी नजर कडांकडून आटत आटत किल्लीच्या भोकाएवढी उरली, तेव्हा मी एका शासकीय कार्यालयात लिपिक होतो. आणि आमचे त्या वेळचे साहेब सहृदय असल्यामुळे खिडकीच्या तिरिपेपासून दूर टेबल, संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली आणि हस्तलिखित नोंदवह्यांऐवजी मसुद्यांचे काम, एवढे सारे त्यांच्या तोंडी शब्दावर मला लाभले व माझ्या टेबलावर एकही प्रकरण तुंबले नाही. साहेबांची बदली झाली आणि त्यांच्यासमवेत तो शब्दही गेला. नव्या साहेबांनी मला नोंदवह्यांवर बसवले, चुका होऊ लागताच गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला, आणि अखेरीस स्वेच्छानिवृत्तीचा तयार अर्ज सहीसाठी पुढे ठेवण्यात आला. त्यांच्या मनात वैरभाव नव्हता, असे मी आजही मानतो.

तशा अर्जावर सही करू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 अन्वये, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने काढता कामा नये की पदावनत करता कामा नये. हातचे पद झेपेनासे झाल्यास त्याच वेतनश्रेणीत अन्य पद, आणि तेही नसेल तर सुयोग्य पद मिळेपर्यंत अथवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद त्यास द्यावे लागते. वाजवी सोयी पुरवणेही त्याच कलमाने बंधनकारक आहे.

मात्र ‘सहकार्य व्हावे’ असा मोघम अर्ज निरुपयोगी. नव्या साहेबांनी मला मोठी अक्षरे देऊ केली होती. परंतु नजरेचे क्षेत्र आकुंचित झालेल्यास अक्षर जितके मोठे तितके शब्द थोडे दिसतात, हे त्यांना कोणी सांगावे? म्हणून कोणते काम, त्यात कोणती अडचण आणि कोणता उपाय, हे लिहावे. एनव्हीडीए ही वाचक-आज्ञावली विनामूल्य मिळते. तथापि जुन्या टंकांतील मराठी ती धड वाचू शकत नाही, यास्तव मसुदे युनिकोडमध्ये मिळावेत, हीदेखील मागणी करावी.

अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्यावी. दाद न लागल्यास कलम 23 खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. नोंदणीपासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करावयाची असते, आणि तिथेही समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समिती आहे. याच वाटेने मला मसुद्यांचे काम परत मिळाले, या वेळी लेखी आदेशाने. त्या आदेशाची प्रत सेवापुस्तकात लावून घ्यावी आणि साहेब बदलताच नव्यांच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावी.