रुग्णाच्या वाट्याच्या क्ष-किरणांचा हिशेब

आमच्या क्ष-किरण विभागातील प्रत्येक तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यास टीएलडी बॅज म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो तपासणीसाठी जातो आणि तंत्रज्ञाच्या शरीरास किती किरणोत्सर्ग पोहोचला हे कळते. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या रुग्णाच्या अंगावर मात्र बिल्ला नसतो. त्याला अशी मर्यादाही नाही, आणि ते योग्यच आहे. निदान अडल्याने होणारे नुकसान किरणांच्या जोखमीहून पुष्कळदा मोठे असते.

छातीच्या एका फोटोत साधारण 0.02 मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हा फोटो सुमारे तीन दिवसांच्या निसर्गाएवढा. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये हाच आकडा 8 ते 10 च्या घरात जातो. ‘एकदाचे सगळे स्कॅन करून टाका’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हा फरक ध्यानी घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

पूर्वी मात्रा अधिक झाली की फिल्म काळी पडत असे व चूक लपत नसे. डिजिटल यंत्रात संगणक चित्र सावरून घेतो; किंबहुना मात्रा वाढली तर चित्र अधिकच स्वच्छ येते. त्यामुळे ती कोणाच्याही नकळत वाढत जाऊ शकते. यावर उपाय एकच, मोजणे. क्ष-किरण नळीपुढे, झोताच्या मार्गात, एक पातळ पारदर्शक मापक बसविता येतो. त्याची किंमत यंत्राच्या मानाने अल्प असते. दात्याच्या नावाची पाटी लावण्यास मात्र त्यावर जागा नसते!

एकेका तपासणीसाठी किमान 20 रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांचा मध्यांक काढावयाचा असतो. अनेक रुग्णालयांच्या मध्यांकांपैकी तीन-चतुर्थांश ज्या आकड्याच्या आत येतात, त्यास ‘निदान संदर्भ पातळी’ म्हणतात. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1996 मध्ये ही संकल्पना पुढे आणली. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे ती आम्हांस चटकन पटली. एखादा खर्च इतर संस्थांपेक्षा अधिक दिसला तर लेखापरीक्षक तो लगेच नामंजूर करीत नाही, कारण विचारतो.

कारणे बहुधा साधी निघतात. झोत हव्या त्या भागापुरता आवळलेला नसतो, किंवा बालकास प्रौढाचेच आकडे लावलेले असतात. मिलिअँपिअर-सेकंद निम्मे केले की मात्राही निम्मी होते. परंतु फोटो वाचता न आल्यास तो पुन्हा काढावा लागतो. म्हणून किती उतरावयाचे हे क्ष-किरणतज्ज्ञांनीच ठरवावे.

शिशाचा पडदा का दिला नाही, अशी विचारणा वारंवार होते. रुग्णाच्या जननेंद्रियांवर तो सरसकट ठेवू नये, असे अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सुचविले. तो पाहावयाचा भाग झाकतो, तसेच यंत्राच्या स्वयंचलित नियंत्रणास चकवून मात्रा वाढवूही शकतो. तेव्हा ती हयगय समजू नये. जुने फोटो व सीडी सोबत आणाव्यात, आणि दिवस गेल्याची शक्यता असल्यास ती तपासणीपूर्वी तंत्रज्ञास सांगावी.