धूर्त आणि चतुर : ख्रिस्ती परंपरेतील सर्पप्रतीक व मराठी शब्दयोजना

रायपूरच्या जुन्या मराठी घरांत श्रावण शुद्ध पंचमीच्या दिवशी विळी आणि तवा बाजूला ठेवण्याची रीत आहे. चिरणे, तळणे, खणणे ह्या दिवशी वर्ज्य; पाटावर गंधाने नाग काढावयाचा, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवावयाचा, उकडलेले दिंड करावयाचे. भोवतालच्या छत्तीसगढी समाजात हाच दिवस आखाड्यांचा आणि कुस्त्यांच्या दंगलींचाही असतो. ह्यानंतर काही आठवड्यांनीच, १४ सप्टेंबरला, ह्याच शहरातील कॅथलिक प्रार्थनामंदिरांत पवित्र क्रुसाच्या गौरवाचा सण येतो. त्या दिवशीच्या नेमलेल्या वाचनांत मोशेने अरण्यात खांबावर उंच टांगलेल्या पितळी सर्पाची कथा असते, आणि ज्याच्याकडे पाहिल्याने मरणारी माणसे जगली तो हा सर्प म्हणजे क्रुसावरील ख्रिस्ताची पूर्वखूण होय, असे तीत सांगितले जाते.

नाग हिंदूंना देव आणि ख्रिस्ती लोकांना सैतान, असे एक सुटसुटीत समीकरण मराठी वाचकांत रूढ आहे. १४ सप्टेंबरच्या वाचनाशी ते जुळत नाही. ख्रिस्ती परंपरेत सर्पाला एकच अर्थ कधीच नव्हता. तो अर्थ एकपदरी वाटू लागला ह्याला मतमतांतरे जितकी कारणीभूत आहेत तितकीच भाषांतरकारांची शब्दयोजनाही कारणीभूत आहे. मराठीपुरते तरी हे दाखविता येते.

आरंभ अर्थातच एदेन बागेपासून करावा लागतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील सर्प हा हिब्रू मुळात केवळ 'नाहाश', म्हणजे साप आहे. देवाने केलेल्या वनचरांपैकी एक. तो सैतान आहे असे त्या अध्यायात कोठेही म्हटलेले नाही. मरण जगात आले ते सैतानाच्या मत्सरामुळे, हा विचार पुष्कळ उत्तरकालीन अशा 'शलमोनाचे ज्ञान' ह्या ग्रीक ग्रंथात येतो, आणि पुरातन सर्प म्हणजेच सैतान हे स्पष्ट समीकरण बायबलच्या अखेरच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात, मांडले जाते. मूळ कथेत सर्पाचे एकच वैशिष्ट्य नोंदविलेले आहे : तो 'आरूम' आहे. ह्या शब्दाला हिब्रूत निंदेचा वास असतोच असे नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात विवेकी, पाऊल जपून टाकणाऱ्या माणसाला हेच विशेषण लावलेले आहे. शिवाय लगतच्याच वाक्यात आदाम व हव्वा नग्न होती असे सांगताना जो शब्द योजला आहे, त्याचा नाद 'आरूम'शी जुळतो. उघडी माणसे आणि झाकलेल्या मनाचा सर्प अशी ही शाब्दिक जोडी आहे. ती कोणत्याही भाषांतरात उतरत नाही, आणि त्याबद्दल मराठीला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढची गोष्ट मात्र लक्षणीय आहे. इसवी सनापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात ह्या 'आरूम'साठी 'फ्रोनिमोस' ह्या शब्दाचे तमभाववाचक रूप योजले गेले. 'फ्रोनिमोस' म्हणजे शहाणा, सावधचित्त. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना लांडग्यांमध्ये पाठविताना सर्पाचा जो गुण अंगी बाणविण्यास सांगतो, त्यासाठीही ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. ग्रीक वाचणाऱ्या आद्य ख्रिस्ती माणसाला ह्या दोन वचनांतील नाते कानालाच कळले असेल : ज्या शहाणपणाने पहिली माणसे फसली, तेच शहाणपण निष्पापतेची जोड देऊन शिष्यांनी घ्यावयाचे आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये पहिल्या ठिकाणी 'धूर्त' हा शब्द आहे, दुसऱ्या ठिकाणी 'चतुर'. दोन्ही शब्द आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु एकाच गुणाची दुर्गुण आणि सद्गुण अशी वाटणी झाल्यामुळे दोन्ही स्थळी सर्प एकच आहे ही जाणीव मराठी वाचकाला होत नाही. एदेनमधला सर्प खलपुरुष ठरतो आणि शिष्यांना आदर्श म्हणून दाखविलेला सर्प नुसती उपमा होऊन राहतो.

पितळी सर्पाची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. गणना ह्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अरण्यातील वाटचालीला कंटाळलेले इस्राएल लोक कुरकुर करतात. विषारी सापांच्या दंशाने पुष्कळजण मरतात. मोशे देवाच्या आज्ञेने सापाचीच धातुप्रतिमा करून खांबावर लावतो, आणि तिच्याकडे पाहणारा वाचतो. हिब्रूत सापाला 'नाहाश' व तांब्याला किंवा पितळेला 'नेहोशेत' म्हणतात; म्हणजे औषधाचे नावही रोगाच्या नावातूनच उमलल्यासारखे आहे. इस्राएलच्या दक्षिणेस तिम्ना येथील प्राचीन तांब्याच्या खाणींजवळच्या एका देवस्थानात, १९६९ साली बेनो रोथेनबर्ग ह्या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात, सोन्याचा मुलामा दिलेल्या मस्तकाचा लहानसा ताम्रसर्प सापडला. तो मोशेचा सर्प असल्याचा दावा कोणी जाणता अभ्यासक करणार नाही. त्या प्रदेशात धातूचे सर्प देवस्थानात ठेवीत असत, एवढे त्यावरून दिसते.

ह्या कथेचा शेवट क्वचितच सांगितला जातो. अनेक शतकांनंतर यहूदाचा राजा हिज्कीया ह्याच्या काळी लोक त्या पितळी सर्पापुढे धूप जाळू लागले होते. 'नेहुश्तान' असे त्याचे नावही पडले होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला, अशी नोंद राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. देवाच्या आज्ञेने घडलेली, माणसे वाचविणारी वस्तू देवाच्याच नावाने फोडली गेली! ख्रिस्ती सर्पविचाराची कळ ह्या दोन प्रसंगांच्या मध्ये आहे. सर्प खूण म्हणून उंच करता येतो. पूज्य म्हणून ठेवता येत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतःच्या मरणाला ह्याच सर्पाची उपमा देतो, आणि तेथे नेहुश्तानच्या अखेरीचा उल्लेख नसला तरी ज्यू श्रोत्यांना ती ठाऊक असणारच.

परंपरेतील इतर धागे येथे केवळ नोंदविण्यापुरते. माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसून लोंबकळला असता लोकांनी त्याला आधी खुनी व नंतर देव मानले. सर्पाने मानवाला ज्ञान दिले म्हणून त्याचा सन्मान करणारा 'ओफाइट' पंथ आद्य काळातच निर्माण झाला व पाखंडी ठरला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स बिशपांच्या दंडाच्या टोकाशी क्रुसाच्या दोन्ही बाजूंस दोन सर्प आजही असतात. विसाव्या शतकात अमेरिकेतील डोंगराळ भागात जॉर्ज वेंट हेन्सली ह्याने मार्काच्या अखेरच्या अध्यायाचा अक्षरार्थ घेऊन उपासनेत जिवंत विषारी साप हाती धरण्याची प्रथा रुजविली. १९५५ साली सर्पदंशानेच तो मरण पावला. श्रद्धेपेक्षा व्याकरणाच्या आग्रहाचे हे उदाहरण अधिक आहे.

मराठीत हा सर्प पहिल्यांदा विस्ताराने येतो तो फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणात. १५७९ साली गोव्यात आलेल्या ह्या इंग्रज जेझुइटाचे हे ओवीबद्ध पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात ल्युसिफेराचे आणि त्यामागून आदाम-एवेचे पतन येते. ज्या साष्टीत स्टीफन्स वावरले तेथील देवळे त्यापूर्वी काही दशकेच पाडली गेली होती आणि देवता फोंड्याकडे हलविल्या गेल्या होत्या. तथापि भूमीची स्मृती देवळांबरोबर जात नाही. गोव्यात सांतेरीची पूजा वारुळाच्या, म्हणजे तेथील भाषेत 'रोयणी'च्या, रूपात होते आणि वारूळ हे नागाचे घर. फोंड्याजवळ बांदिवड्यास नागेशाचे स्थान आहे. अशा श्रोत्यांपुढे स्टीफन्सनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. वैकुंठ म्हणताच ज्याच्या मनात शेषावर विसावलेला विष्णू उभा राहतो, त्याला देवाच्या शत्रूने सर्पाचे रूप घेतल्याची कथा ऐकावयाची होती. शब्द ओळखीचा, चित्र उलटे. ख्रिस्तपुराणाच्या भाषेचे कौतुक करताना अभ्यासक ह्या ओढाताणीकडे सहसा पाहत नाहीत.

सैतानासाठी स्टीफन्सनी 'देवचार' हा शब्द घेतला, आणि त्याचे परिणाम दूरवर गेले. गोव्यातील हिंदूंचा देवचार हा गावाची सीव राखणारा, रात्री काठी आपटीत फिरणारा राखणदार आहे; गोव्यातील ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो शब्द सरळ सैतानाचा झाला. एक ग्रामरक्षक अशा रीतीने भाषेतच पदच्युत झाला. नागाचे तसे झाले नाही. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत एदेनचा साप 'सोरोप' आहे. मराठी बायबलमध्ये तो 'सर्प' आहे आणि प्रकटीकरणातील महासर्प 'अजगर' आहे. रायपुरात वाचल्या जाणाऱ्या प्रचलित हिंदी बायबलमध्येही 'सर्प' आणि 'अजगर' हेच शब्द आहेत. एदेनच्या कथेत 'नाग' हा शब्द आला असता, तर पंचमीला पाटावर काढलेली आकृती आणि हव्वेला भुलविणारा प्राणी ही एकच होऊन बसली असती. 'सर्प' हा संस्कृत शब्द प्राण्याचा आहे, देवतेचा नाही. हे अंतर हेतुपुरस्सर राखले गेले की अनायास पडले, ह्याविषयी वाद होऊ शकेल. ते पडले हे मात्र महत्त्वाचे.

चित्रकलेत हे अंतर राखणे अवघड होते. निष्कलंक गर्भसंभवा मारियेच्या मूर्तीत तिच्या पायाखाली सर्प चिरडलेला दाखवितात. ह्या प्रतिमेमागे एक सर्वनाम आहे. सर्प व स्त्री ह्यांच्या वंशांत वैर राहील असे सांगून उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पुढे सर्पाचे डोके कोण चिरडील ते म्हटले आहे. हिब्रूत तेथे पुल्लिंगी सर्वनाम असून ते स्त्रीच्या वंशाला उद्देशून आहे. लॅटिन व्हल्गेटच्या रूढ पाठात ते स्त्रीलिंगी, 'इप्सा', झाले आणि चिरडणारी मारिया ठरली. १९७९ च्या सुधारित लॅटिन पाठात ते नपुंसकलिंगी करण्यात आले. मौज अशी, की प्रचलित मराठी बायबलमध्ये वंशासाठी 'संतती' हा शब्द घेतल्यामुळे सर्वनाम आपोआप 'ती' असे आले आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत घडलेल्या भाषांतरात कॅथलिक मूर्तीचे व्याकरण असे मराठी लिंगव्यवस्थेनेच आणून ठेवले! ही मूर्ती पाहताना मराठी प्रेक्षकाला कालियामर्दन आठवणे स्वाभाविक आहे. परंतु कृष्ण कालियाला फणांवर नाचून दमवितो आणि शेवटी समुद्राकडे जाऊ देतो. मारियेच्या टाचेखालच्या सर्पाला अशी वाट नाही.

छत्तीसगढात ख्रिस्ती मिशनचे काम रायपूरच्या परिसरातच सुरू झाले. ऑस्कर लोर ह्यांनी १८६८ साली बिश्रामपूर येथे केंद्र उभारले, ते मुख्यतः सतनामी समाजात. गुरू घासीदासांच्या शिकवणीने मूर्तिपूजा आधीच नाकारलेल्या ह्या लोकांपुढे हिज्कीयाने फोडलेला सर्प हा परका विचार ठरण्याचे कारण नव्हते. नागपूजक शेतकऱ्याला जो प्रसंग आघात वाटला असता तो सतनाम्याला आपल्याच गुरूच्या वाटेवरचा वाटण्याजोगा होता. सर्पप्रतीकाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या पूर्वश्रद्धेवर किती अवलंबून असतो हे येथे दिसते.

ह्याच प्रदेशाच्या ईशान्येस जशपूर जिल्हा आहे. विषारी सापांच्या सुळसुळाटामुळे त्यातील फरसाबहार-तपकरा भागाला लोक 'नागलोक' म्हणतात. त्याच जिल्ह्यात कुनकुरी येथे आशियातील मोठ्या प्रार्थनामंदिरांत गणले जाणारे कॅथलिक मंदिर उभे आहे, आणि भोवती मोठ्या संख्येने आदिवासी ख्रिस्ती राहतात. सप्टेंबरात तेथे पाऊस सरलेला नसतो, शेतात पाणी असते, आणि पावसाळ्याचे महिने हेच सर्पदंशाचे महिने असतात. मोशेच्या पितळी सर्पाचे वाचन त्या दिवसांत ऐकणाऱ्या माणसाला अरण्यातील दंश ही उपमा नसते. रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाताना तो पायाखालची जमीन पाहतो. वाचन संपल्यावर त्याला वर, खांबाकडे पाहावयास सांगितले जाते.