आठवीतला पुतण्या

भाईंदरजवळच्या राईसारख्या गावात एकत्र घरात राहिलं की दुसऱ्याचं पोर वयात येताना जवळून दिसतं. आईबापाच्या नजरेतून निसटतं ते कधीकधी काकूला दिसतं. माझा पुतण्या आठवीत गेला आणि त्याचा आवाज फुटला, मिसरूड आलं. दिरांनी पाहुण्यांदेखत त्याची टर उडवली. सगळे हसले, तो उठून माळ्यावर गेला. त्यानंतर काहीही विचारा, उत्तर एकच: "काय नाय."

मग दिरांनी पहारा बसवला. रात्री त्याचा मोबाईल घेऊन मेसेज वाचायचे, दप्तर तपासायचे, क्लासला पोचलास की फोन कर म्हणायचे. फोन रोज नेमाने यायचा. पोरगा मात्र भाईंदरला बसमधून उतरून जेट्टीपाशी खाडीकडे बघत बसलेला असायचा. क्लासच्या बाईंनी कळवलं तेव्हा घराला पत्ता लागला. मार झाला, अबोला झाला, आणि कारण कळलं नाही ते नाहीच.

ते कळलं सासऱ्यांना. जन्म मिठागरात गेलेला माणूस, मुळात बोलणं कमी. संध्याकाळी मासळी आणायला नातवाला बरोबर न्यायचे, विचारायचे काहीच नाहीत. एकदा त्यानेच सांगितलं, क्लासमधली पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करतात. घरातही त्याच गोष्टीवर हशा झालेला, सांगणार कोणाला?

स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००० साली हेच मांडलं. आईबापांना मुलाबद्दल जे ठाऊक असतं, ते पाळत ठेवून फारसं मिळत नाही. बहुतेक मुलानेच आपणहून सांगितलेलं असतं. आणि मूल कोणाला सांगतं? ऐकून न हसणाऱ्याला.

म्हणून, बदलत्या शरीरावर विनोद नको, कौतुकाचाही नको. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३, मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. बोलायचं ते त्याआधीच बोलून ठेवा. पाळीबद्दल भावालाही कळू द्या. या वयात झोपेची वेळच पुढे सरकते, तेव्हा सकाळी उठत नाही म्हणून आळशी ठरवू नका. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत, हा नियम मात्र ठेवाच. आमच्याकडे अजून आहे. फक्त मोबाईल आता कोणी उघडून वाचत नाही.

मुलाचं जेवण, झोप, मित्र सुटले आणि आठवडे तसेच गेले, तर वय आहे म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक चालतात. तिथे त्याला एकट्याला आत जाऊ द्या, आणि बाहेर आल्यावर काय बोललास, हे विचारू नका.