मंदींतील चढ : एक गणिताचा धडा

वर्तमानपत्राच्या व्यापारी पानावर ‘तेजी’ व ‘मंदी’ हे शब्द नित्य वाचावयास मिळतात. शेअरांचे भाव उतरून थोडेसे सांवरले कीं, “मंदी सरली, आतां खरेदी करा,” असें सांगणारे हितचिंतकही भेटूं लागतात. त्यांचें म्हणणें कितपत ग्राह्य मानावें, हें आम्ही एका ऐतिहासिक उदाहरणावरून पाहणार आहों.

बाजारांतील सर्व कंपन्यांचे भाव एकाच वेळीं ध्यानांत ठेवणें अशक्य. म्हणून कांहीं प्रमुख कंपन्यांच्या भावांवरून एक आंकडा काढतात व त्यावरून बाजाराचा कल ओळखतात. यासच निर्देशांक म्हणतात. न्यूयॉर्कचा डाऊ-जोन्स औद्योगिक निर्देशांक १८९६ सालीं बारा कंपन्यांवरून सुरू झाला. १९२८ पासून त्यांत तीस कंपन्या आहेत. मुंबईचा सेन्सेक्सही तीस कंपन्यांचाच.

ता. ३ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कचा हा निर्देशांक ३८१ होता. ता. १३ नोव्हेंबर रोजीं तो १९९ वर आला. म्हणजे शेंकडा ४८ नें घसरला. पुढें ता. १७ एप्रिल १९३० रोजीं तो २९४ वर पोहोंचला. ही वाढही शेंकडा ४८ च! मग हानि भरून निघाली काय? पाटीवर मांडून पहा. शंभरांतून अठ्ठेचाळीस गेले, बावन्न उरले. बावन्नांवर शेंकडा ४८ म्हणजे सुमारें पंचवीस, एकूण सत्त्याहत्तर. तेविसांची तूट राहिलीच. उतार मोठ्या रकमेवर मोजला जातो व चढ लहान रकमेवर, हें त्याचें कारण.

त्या चढास मंदीचा अंत समजून ज्यांनीं उरलीसुरली शिल्लक बाजारांत घातली, त्यांची गति काय झाली? ता. ८ जुलै १९३२ रोजीं निर्देशांक ४१ वर आला. २९४ च्या वेळचे शंभर डॉलर चौदांवर आले. १९२९ चा उच्चांक पुन्हां ओलांडण्यास १९५४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

जाणते लोक खरेदीचीं कांहीं चिन्हें सांगतात. गेल्या दोनशें दिवसांच्या भावांची सरासरी काढावी. आजचा भाव तिच्या वर जाऊन टिकला, तर कल पालटला असें समजावें, हें एक. थोड्याच कंपन्या चढत आहेत कीं बहुतेक, हें पाहावें, हें दुसरें. हीं चिन्हें उपयुक्त खरींच. परंतु सरासरी होऊन गेलेल्या दिवसांची असते. म्हणून ती उशिरां बोलते, आणि भाव हेलकावे खात असतां खोटेंही बोलते. ४१ च्या तळापासून दोन महिन्यांत निर्देशांक ८० झाला. तरी पुढील फेब्रुवारींत तो पुन्हां ५० वर उतरला. तळ कोणता, हें मागाहूनच कळलें.

म्हणून चिन्ह पाहण्यापूर्वीं, तें चुकल्यास घराचें काय होईल, हें पाहावें. मुलांच्या फीचा, औषधपाण्याचा पैसा बाजारांत घालूं नये. कर्ज काढून तर मुळींच नको. ज्याच्या घरीं वर्षाची बेगमी आहे, तो मंदी सरेपर्यंत वाट पाहूं शकतो. ज्यास उद्यांच पैसा हवा, त्यास पडत्या भावानें विकावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, शंभराचे पन्नास झाले, तर पुन्हां शंभर होण्यास शेंकडा किती वाढ लागेल? हें उदाहरण आज घरीं वडील मंडळींसमवेत सोडवा.