एका बाकावर बसल्याने मने जुळतात काय?



दुभंगलेल्या समाजातील मुलांना एका वर्गात बसविले की द्वेष आपोआप नाहीसा होतो, असे पुष्कळांना वाटते. मी शिक्षक आहे. तसे होत नाही, हे रोज पाहतो. म्हणून आज आपण उत्तर आयर्लंडचा दाखला अभ्यासू.

तेथे कॅथलिक व प्रॉटेस्टंट असे दोन समाज आहेत. दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी; पण वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, पूर्वजांच्या आठवणीही वेगळ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेटलेला संघर्ष १९९८ च्या करारापर्यंत चालला. साडेतीन हजारांवर माणसे मेली. या काळात शिक्षणाचे तीन मार्ग पुढे आले.

(१) एकत्र शाळा : १९८१ साली बेलफास्ट येथे पालकांच्या पुढाकाराने लॅगन कॉलेज ही शाळा अवघ्या २८ मुलांनिशी सुरू झाली. आरंभी सरकारी अनुदान नव्हते. आज अशा शाळा साठांहून अधिक आहेत; तरी त्यांत शिकणारी मुले एकूण मुलांच्या दहाव्या हिश्श्याहून कमीच आहेत.

(२) भेटीगाठी : १९८९ च्या शिक्षण-सुधारणा कायद्याने परस्पर सामंजस्याचा विषय अभ्यासक्रमात आणला. वेगळ्या शाळांची मुले एकत्र सहलीस जाऊ लागली. परंतु पुष्कळ ठिकाणी ती नुसती शेजारी बसून परत आली. भांडणाच्या मूळ प्रश्नाला हात घालण्याचे शिक्षकांनीच टाळले.

(३) पुराव्याने इतिहास : १९१६ हे साल एका समाजाला डब्लिनच्या उठावासाठी आठवते, तर दुसऱ्याला सोमच्या लढाईतील आपल्या मृतांसाठी. दोन्हीकडची साधने मुलांपुढे ठेवायची आणि हे कोणी लिहिले, का लिहिले, पुरावा काय, असे विचारायला शिकवायचे. हा मार्ग कठीण खरा, पण तो प्रश्नाच्या मुळाशी जातो.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सांगितले होते की, सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचा तर चार गोष्टी हव्यात : समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा. यांत समान दर्जा पहिला आहे, हे ध्यानात घ्या. एक मूल पाणी वाढणारे आणि दुसरे लांबून ओंजळ धरणारे असेल, तर त्या सहवासातून मैत्री नव्हे, अपमानच वाढतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीही बजावले होते की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी एकमेकांपासून तोडता येत नाही.

तेव्हा शांततेचे शिक्षण म्हणजे झालेला अन्याय विसरायला लावणे नव्हे. मुलाला तो पुराव्यानिशी सांगता आला पाहिजे, आणि सांगताना समोरच्या मुलाचा द्वेष मनात येता कामा नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या मुलाच्या वर्गात कोण कोणाशेजारी बसते? ते कोण ठरविते?
२. वर्गातील कोणते काम सर्व मुले समान दर्जाने करतात?
३. आपल्यावरील अन्याय आपण मुलांना कोणत्या शब्दांत सांगतो?